मागच्या चाकाचं सील

गिअर ऑइलचा तो गंधकासारखा उग्र वास आला की मला नागभीडजवळच्या आमच्या घराचं अंगण आणि सागाच्या ओंडक्यावर टेकवलेला ट्रक आठवतो. मागच्या ॲक्सलचं सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कड असलेली चकती, खराब होऊन तेल ब्रेकच्या लायनरवर उतरत होतं, त्यामुळे ब्रेक नीट लागत नव्हता, आणि त्याच दुपारी मोठा भाऊ गावातल्या बायांना त्या ट्रकातून मार्कंड्याच्या जत्रेला नेणार होता. लायनर त्याने नवे घातले. सील बसवायचा मान मात्र मी भांडून मिळवला. जादूगाराने अंगठी दाखवावी तसं ते सील मी साऱ्यांना फिरवून दाखवलं आणि लाकडी ठोकळा ठेवून हातोडा हाणला. ठोका तिरपा बसला, रबराची कड चिरली. ती चीर कोणी पाहिली नव्हती, म्हणून मी वरून ग्रीस फासलं आणि गप्प बसलो. चाक चढलं, बाया डबे घेऊन ट्रकात बसल्या, वहिनीने टायरखाली लिंबू ठेवलं. मी खालीच उभा होतो. आई केबिनमधून ओरडली, "काऊन रे, तू नाई येऊन राह्यला? आपल्याच कामाचा भरोसा नाई का तुले?" सगळ्या खळखळून हसल्या. "भाऊ, सील फाटलं हाये," मी म्हणालो, "माह्याच हातानं." भावाने इंजिन बंद केलं, खाली उतरला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "बायांले उतरव. काऊन उतरायचं, तेही तूच सांग." आजवर शेकडो गोष्टी मी रंगवून सांगितल्या, त्या दिवशी बायांना सांगितलेली ही एक मात्र अजूनही साधीच सांगतो.