शिवणखोलीचा स्टोअरकीपर

रोज सकाळी नऊच्या ठोक्याला मधुकरकाका डोळे मिटून शिवणखोलीत शिरत. उंबरठ्याबाहेर चपला काढायच्या, डोळे घट्ट मिटायचे आणि उजवा हात पुढे करून चालू लागायचं. तीन पावलांवर मांडणी. हात वरच्या कप्प्यात, "कैची, हजर!" हात खाली, "टेप, हजर!" मग डावीकडे सुया, अंगुस्तान, खडू. एखादी वस्तू हाताला लागली नाही, की डोळे न उघडताच ओरडायचे, "कोनं हलवली वं?" मी पहिल्यांदा त्या घरी गेले ती नेमकी याच वेळी. दारातून आत पाऊल टाकलं, तर एक उंच, टकलू गृहस्थ डोळे मिटून माझ्याच अंगावर चालून येताहेत! मी किंचाळले. ते जागच्या जागी थांबले, पण डोळे काही उघडले नाहीत. म्हणाले, "इथी कायले उभी राह्यली? ही जागा रिकामी हाये. रिकामी जागा बी जागाच असते, थे रिकामीच ठेवा लागते."

मी मनात म्हटलं, सविताबाई, शिवण शिकायला आलात आणि वेड्याच्या घरात शिरलात.

मी फुलसावंगीकडच्या तांड्यावरची. भाऊ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला लागला, त्याला दोन वेळची भाकर करून घालायला म्हणून बारावीनंतर मीही आले. भाकरी थापून झाल्या की दिवस खायला उठायचा. दोन गल्ल्या सोडून सुमनकाकूंचं घर होतं. काकू लग्नाचे ब्लाऊज शिवत आणि गोधड्या घालत. आईची, आजीची जुनी लुगडी घेऊन लोक दारव्ह्याहून, दिग्रसहून त्यांच्याकडे येत. काकूंचा धावदोरा इतका बारीक आणि सरळ, की मशीनचा आहे म्हणून लोक पैजा लावत. काका त्यांचे यजमान. तीस वर्षं एका कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि ज्या साली ते रिटायर झाले, त्याच साली काकूंना काचबिंदू निघाला.

यवतमाळच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपायची, थेंब चुकवायचे नाहीत. दवाखान्यातून परत येताना काकू ऑटोत म्हणाल्या, "डोये जाऊ द्या जी. पन मशीन नाई सोडनार मी." काका म्हणाले, "सोडू नोको. जागा मी पाह्यतो." नवराबायकोत यापलीकडे काही बोलणं झालं नाही, असं काकूच सांगायच्या. पण तेवढ्या एका वाक्यावर त्या माणसानं पुढची नऊ वर्षं काढली.

त्याआधी काकूंचा पसारा म्हणजे देवा रे देवा! पलंगाखाली गाठोडी, सुया कॅलेंडरला टोचलेल्या, कैची उशीखाली, नाहीतर फ्रिजवर. डोळे धड होते तोवर सगळं सापडायचंही. काकांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर समोरच्या खोलीचा नकाशा काढला आणि आधी काय केलं असेल, तर सोफासेट उचलून व्हरांड्यात टाकला. गल्लीतल्या लोकांना आयताच विषय मिळाला. "पावन्याले बसाले सोफा नाई, अन् चिंध्यायले खोली!" काकांचं उत्तर तयार होतं, "पावना तासभर बसते. ही दिवसभर बसते." गोधडी अंथरायची तेवढ्या जमिनीभोवती त्यांनी सुतळी चिकटवली, म्हणजे पायाला कड कळावी. गाठोड्यांना पलंगाखालून हद्दपार केलं आणि भिंतीला खुंट्या ठोकल्या. एका गिऱ्हाइकाचं कापड एका खुंटीला, दुसरं कापड तिथं जाणार नाही. नवी खुंटी ठोकायची असली, की काकूंना भिंतीशी उभं करत आणि म्हणत, "हात वर कर. सहज जाते तेवढाच." जिथं हात थांबला, तिथं खिळा. कशालाही जागा द्यायची ती अशी, काकूंच्या हाताच्या मापानं.

माणूस म्हणून मात्र असह्य! होय, मी स्पष्टच सांगते. टाचणी घेतली तर टाचणी परत. एकदा चुकून गळ्यात टेप घालून घरी गेले, तर भर रस्त्यात मला हाका मारत आले. चारचौघांत म्हणतात कसे, "पोरी, स्टोअरचा माल गळ्यात घालून कोठी चालली?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार दिवस फिरकले नाही. पाचव्या दिवशी काकूंनी बोलावणं पाठवलं. काका तोंड पाडून बसले होते आणि काकू त्यांना झाडत होत्या, "यम न्यायले आला तं त्यालेबी म्हनसान, रेडा जागेवर बांध!" काका गंभीरपणे म्हणाले, "बांधाच लागन. मंधात बांधला तं तू ठेचकायशीन ना."

त्यांची एक गंमत मला फार दिवस कळली नाही. एकीकडे डोळे मिटून हजेरी घ्यायचे आणि दुसरीकडे प्रत्येक डब्यावर, प्रत्येक रिळावर पाट्या. काय सुरेख अक्षर होतं! 'लाल दोरा', 'बटणं – मोठी', 'हूक'. दर दोन-चार महिन्यांनी ते सगळ्या पाट्या नव्यानं लिहीत आणि अक्षर आणखी मोठं करत. मी विचारलं, "काका, तुमी डोळे मिटून सापडवता, मंग पाट्या कायले?" म्हणाले, "पाट्या असलेल्या नजरेसाठी. हजेरी नसलेल्या नजरेसाठी. दोनी तयारी पायजे." पाट्या वाढत वाढत एकेक अक्षर तळहाताएवढं झालं. एके दिवशी काकू रिळांचा डबा डोळ्यांशी नेऊन बराच वेळ पाहत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "आता अक्षर अजून मोठं केलं तं दोऱ्याले जागा नाई राह्यनार जी." मी खो खो हसले. काका हसले नाहीत. बाहेर गेले आणि व्हरांड्यातल्या त्या सोफ्यावर दुपारभर बसून राहिले. आपण कशाला हसलो, हे मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं.

रंग काही बोटांना कळत नाही, हीच तर अडचण होती. पुढच्या वेळी तांड्यावर गेले तेव्हा याडीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, जुन्या फाटक्या घागऱ्यातून कवड्या, घुंगरं आणि आरसे उसवून आणले. लाल रिळाला कवडी बांधली, काळ्याला घुंगरू, पांढऱ्याला आरसा, हिरव्याला दोन कवड्या. काकांनी डोळे मिटले, रिळांवरून हात फिरवला आणि एकेक रंग अचूक सांगितला. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहत राहिले. "तीस वर्सं स्टोअर पाह्यलं," ते म्हणाले, "पन हे नाई सुचलं मले. तुह्या मायले सांगजो, मधुकरनं सलाम देल्ला म्हनून." त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्या पाट्या स्वतःच्या हातानं काढून टाकल्या.

आणि एवढं सगळं पाहून, शिकूनही मी घोळ घातलाच. लग्नसराईचे दिवस. नवरीचा ब्लाऊज उसवायचा होता, मी अर्ध्या ब्लेडनं शिवण उसवली आणि घाईघाईत ते ब्लेड बटणांच्या डब्यात टाकलं. तासाभरानं काकूंनी बटणासाठी डब्यात हात घातला. बोट चांगलंच कापलं. काकू ओरडल्या नाहीत. हात मांडीत घेऊन बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "झालं. आता बंद करू." इतक्या वर्षांत काकूंच्या तोंडून हा शब्द कधी आला नव्हता. काकूंची मशीन माझ्यामुळे बंद पडणार होती.

काकांनी पट्टी बांधली. आता माझी खरडपट्टी निघणार म्हणून मी मान खाली घालून उभी. ते शांतपणे म्हणाले, "तुह्यासाठी थे इसरनं हाये पोरी. हिच्यासाठी थे दगा हाये. ओढनी डोयाले बांध." बांधली. "बस. गोधडीची ही कड शिव." पूर्ण दुपार मी आंधळी होऊन शिवत होते. सुई टोचली, दोरा हरवला, घामानं ओढणी भिजली. पाणी मागितलं तर म्हणाले, "माठ जागेवर हाये. जा." सुतळीला पाय अडकून पडले, रडले, परत बसले. चार वाजता ओढणी काढली तेव्हा माझा धावदोरा पांदणीतल्या वाटेसारखा वेडावाकडा गेलेला. काकूंनी त्यावरून पट्टी बांधलेलं बोट फिरवलं आणि इतक्या मोठ्यानं हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. "अवं बाई, डोये असून याले शिवन म्हनतेत का? मंग मी कायले बंद करू?" दुसऱ्या दिवशी नऊच्या हजेरीनंतर त्या मशीनवर बसल्या. मी तेव्हापासून आजतागायत एक टाचणीसुद्धा जागेवरून हलू दिलेली नाही.

काका यंदा होळीनंतरच्या आठवड्यात गेले. भाजी आणायला निघाले, फाटकाशी छातीवर हात ठेवून बसले, ते बसलेच. दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. घरात माणसं जमली. बायकांना बसायला जागा हवी म्हणून काकांच्या बहिणीनं शिवणखोलीतली मांडणी सरकवायला घेतली. मी आडवी झाले. म्हटलं, "आत्याबाई, अंगनात बसा, गच्चीवर बसा, माह्या डोक्यावर बसा. पन या खोलीत कोनीच काई हलवाचं नाई." परजातीची पोरगी एवढी शिरजोर कशी, अशी कुजबुज झाली. होऊ दे. काकू कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या तेवढ्या दुःखातही म्हणाल्या, "पोरगी बराबर सांगून राह्यली."

तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि ऊन चढलं. आमच्याकडे होळी झाली की घरोघरी खिडकीत कूलर बसतो. काकांच्या घरी मात्र कूलर दारात, स्टुलावर. कारण खिडकीला लागून मशीन, आणि कूलरनं खिडकी बुजली तर काकूंचा उजेड जाईल! दारातला कूलर खोलीतलीच दमट हवा फिरवायचा. मे महिन्यात आम्ही दोघी अक्षरशः उकडून निघायचो. काकांपुढं काही चालत नसे. रोज सकाळी हजेरी झाली की ओल्या कागदानं खिडकीची काच पुसत, बाहेरच्या कडुलिंबाची फांदी आडवी आली की छाटत आणि विचारत, "उजेड पुरते का वं?" काकू म्हणायच्या, "पुरते."

तर त्या दिवशी काकू म्हणाल्या, "सविता, कूलर काढ. खिडकीत बसव. अन् मशीन दाराकडं घे, कोन आलं गेलं थे तरी समजन."

मी चपापले. "काकू, अन् तुमाले उजेड?"

"मले आता उजेडाचं काय काम वं?" त्या सहज म्हणाल्या. "तीन दिवाळ्या झाल्या, दिवे लावले थेच मले नाई दिसले. तवापासून काईच नाई दिसत."

मला संतापच आला. "अन् काकाले सांगतलं काहून नाई? दोन उन्हाळे उकडून घेतलं सोताले! मलेबी उकडवलं!"

"हे रोज काच पुसत," काकू म्हणाल्या. "त्यायले मी काय सांगू, का आता पुसू नोका?"

आम्ही दोघींनी मिळून मशीन ओढत दाराकडं नेली. खिडकीत कूलर चढवला, खाली विटा लावल्या, पाणी भरलं. काकू मांडणीपासून मशीनपर्यंत दोनदा चालून आल्या, पावलं मोजली, "पाच" म्हणाल्या आणि बसल्या. बटण दाबलं तसा खिडकीतून थंडगार, वाळ्याच्या वासाचा वारा खोलीत भरला. त्या वाऱ्यात उभं राहून मला जे रडू फुटलं ते आवरेचना. काकांसाठी रडत होते की काकूंसाठी, की दोन वर्षं शेजारी बसूनही मला काही कळलं नाही म्हणून, ते अजूनही सांगता येत नाही. काकूंनी बोटांनी चाचपून सुईत दोरा ओवला, पायानं मशीन सुरू केली आणि माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"बाजूले होऊन रड वं," त्या म्हणाल्या. "कापडावर डाग पडते. उद्या द्याचं हाये थे."