दोरा बांधलेली रोपं

२००४ सालच्या ऑक्टोबरात एका सोमवारी भातावर संशोधन करणाऱ्या आमच्या बाई पौडजवळच्या शेतात बांधावर बसल्या आणि त्यांना उठता आलं नाही. शेतमालकीण हौसाकाकूंनी जीप बोलावली. दुपारी पुण्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून आजाराचं नाव सांगितलं. शेतातलं भात फुलोऱ्यात होतं.

भात फुलत असताना बाई बोलत नसत. भाताचं फूल सकाळी दहाच्या सुमारास उघडतं आणि तासाभरात मिटतं. तेवढ्या वेळात त्या चिमटा घेऊन लोंबीवर वाकत आणि परागकण उडू नयेत म्हणून श्वाससुद्धा मान वळवून सोडत. मी त्यांची मदतनीस, एम.एस्सी. होऊन नुकतीच लागलेली. माझं काम लोंब्यांवर चढवायच्या कागदी पिशव्या धरायचं. संकर त्यांनी मला कधी करू दिला नाही. "तुझा हात कापतो," म्हणत. कापायचा तो त्या बघत असल्यामुळे, हे मी कधी बोलले नाही.

हौसाकाकूंच्या कुटुंबाकडून दोन गुंठे खाचर त्यांनी भाड्यानं घेतलं होतं. तिथे आंबेमोहोराच्या एका वाणात काही रोपं दरवर्षी पोकळ निघत. फूल यायचं, पण परागकण तयार होत नसत. आयोडीनचा थेंब टाकला की चांगले पराग काळे पडतात. या रोपांचे फिकटच राहत. परागकोशाच्या आत परागांना भरवणारा एक थर असतो. त्यानं भरवून झाल्यावर विरून जायचं असतं. या रोपांत तो वेळेवर विरत नव्हता आणि पराग उपाशी मरत. कुठल्या जनुकामुळे असं होतं, ते बाई सहा वर्षं शोधत होत्या. एकदा काकूंनी विचारलं म्हणून त्यांनी हे सगळं बांधावर बसून समजावलं. काकू ऐकून म्हणाल्या, "म्हंजी सासूनं किल्ल्या सोडल्याच न्हाईत, व्हय?" बाई इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. पुढे वहीत त्या थराला त्या 'सासू'च लिहायच्या.

अशा रोपाला स्वतःचं बी धरता येत नाही. शेजारच्या धडधाकट भावंडाचा, म्हणजे त्याच बियाण्यातल्या रोपाचा, पराग हातानं आणून द्यावा लागतो. म्हणून बाई पोकळ रोपं हुडकून त्यांना लाल दोरा बांधत. मागचं सगळं बी त्या वर्षी पेरलेलं होतं. हा हंगाम चुकला तर वाण गेला, अशी धास्ती त्यांना होती, आणि त्यांच्यामुळे मलाही.

शुक्रवारी मी शेतावर गेले. दोरा बांधलेली एकोणीसच्या एकोणीस रोपं, पिशव्यांसकट, उपटून बांधावर वाळत पडली होती.

काकू कौतुकाच्या अपेक्षेनं उभ्या होत्या. त्यांच्याकडे पूर्वी कंपनीसाठी बियाणं पिकवायचा प्लॉट होता. तपासायला येणारा माणूस भेसळीच्या रोपांना दोरा बांधून जायचा आणि घरच्यांनी ती उपटायची, अशी तिथली रीत. "बाई आजारी, त्यांचं काम कशाला आडून ऱ्हायला पायजे म्हनलं," त्या म्हणाल्या. माझा चेहरा बघून त्या हळूहळू खाली बसल्या.

दोन दिवस मी दवाखान्यात बाईंशी खोटं बोलले. आज किती फुलली, त्या विचारत, आणि मी आकडा सांगत असे. रविवारी त्यांनी विचारलं, "वारा कसा होता?" मला वारा आठवेना. मी सगळं सांगून टाकलं.

बाईंनी उशाचा चष्मा लावला.

"दोरा नसलेली उभी आहेत ना?"

"आहेत."

"मग रडतेस काय? ती त्यांचीच भावंडं. वरून धडधाकट, आत तेच लपलेलं. त्यांचं बी धर. पुढच्या वर्षी चारांत एक पोकळ निघेल."

हे मला पहिल्याच वर्षी शिकवलेलं होतं. भीतीपोटी आठवलं नव्हतं.

"आणि हौसाला बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "दोरा कशासाठी, ते मीच तिला सांगितलं नाही. तुलाही चिमटा कधी दिला नाही. सासू कोण, कळलं ना?"

कापणीच्या तीन दिवस आधी बाई गेल्या. काकूंनी ते भात स्वतः कापलं, जुन्या लुगड्यावर वेगळं झोडलं आणि पिशवी माझ्या हातात देताना एवढंच म्हणाल्या, "दाना बी मिसळू दिला न्हाई."

पुढची तीन वर्षं मी तिथेच पेरलं. पहिल्या संकराच्या वेळी माझा हात कापू लागला. मग थांबला. जनुक मला सापडलं नाही, तेवढी माझी कुवत नव्हती. २००८ मध्ये काकूंच्या मुलांनी जमीन विकली. आता तिथे प्लॉट पाडलेत.

मी बावधनला राहते. गच्चीवर बादल्यांत तेच भात लावते. यंदा अकरा रोपं फुलली. त्यांतली तीन पोकळ आहेत.