पुडीतली पांढरी गोळी

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. चिकलठाण्यातल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये रत्नमाला कणकेवर मुठी आपटत होती. कालपासून तिचं डोकं तापलेलं होतं. शेजारी पोळ्या लाटणारी सुलेखा, वय चव्वेचाळीस, सोमवारी लाटता लाटताच छाती धरून खाली बसली. हार्ट अ‍ॅटॅक निघाला. वाचली, पण अजून दवाखान्यातच आहे.

या रविवारी सुलेखाला गुडघेदुखीची पुडी रत्नमालानंच आणून दिली होती. कँटीनमधल्या पाच जणींची तशी रीतच होती. दर रविवारी एकीनं मुकुंदवाडीच्या डॉक्टरकडं जायचं आणि सगळ्यांच्या आठवड्याच्या पुड्या आणायच्या. एका पुडीत तीन गोळ्या, नाव एकाही गोळीवर नाही. गुडघे आठवड्यात मोकळे झाले. पुढं चेहरे गोल झाले, तेव्हा बायका म्हणाल्या, तब्येत सुधारली. अशी चार वर्षं.

काल रत्नमाला सुलेखाला बघायला गेली, तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्याजवळची पुडी उलगडून पाहिली.

"ही पांढरी स्टिरॉइड असावी. रोज घेतली की बीपी, साखर वाढते. अ‍ॅटॅक हिच्यामुळंच आला असं मी म्हणणार नाही, पण धोका वाढतो. तुम्ही चौघी ती एकदम बंद करू नका, तेही जिवावर बेततं. नाव आणि पॉवर लिहून आणा, मग हळूहळू कमी करू."

तीन वाजता काम सुटलं तशी रत्नमाला थेट मुकुंदवाडीला गेली. डॉक्टर हसला.

"मावशी, साधी ताकदीची गोळी आहे ती."

"मग तसं लिहा. खाली सही करा."

"तुम्हाला वाचता येतं का?"

"मला नाय येत. दवाखान्यात येतं."

"हळू बोला, बाहेर पेशंट बसलेत."

"त्यांच्यासाठीच तर वरडायलेय! सुलेखाला म्या माझ्या हातानं दिली ही गोळी. मला ठाव नव्हतं. तुमाला तर ठाव होतं ना?" ती बाकाकडं वळली. "नाव इचारल्याबिगर गिळू नका रे बाबांनो. आमची एक बाई खाटंवर पडलीय."

बाकावरचा म्हातारा काठी टेकत उठला. "डॉक्टरसाब, लिहून द्या की बाईला. अन् माझ्या पुडीत काय हाय, ते बी लिहा."

त्याच्यामागं आणखी दोघं उभे राहिले. डॉक्टरनं कागद ओढला. प्रेडनिसोलोन, वीस मिलिग्रॅम, रोज एक. सही केली नाही.

डॉक्टरीणबाईंची ओपीडी उद्या सकाळी नऊला उघडते. त्याआधी आठला, नाश्ता करून, रत्नमालाला तीच पांढरी गोळी घ्यायची आहे. पूर्ण.