जावळाचा काळा

जाण्याच्या महिनाभर आधी वडिलांनी माझ्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली. त्यांच्या वर्षश्राद्धाला मी आत्याला एक काळी घोंगडी द्यायची. तीही जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीची. "रंगवलेली नको," असं ते दोनदा म्हणाले. आत्या शिनोलीला असते. लहानपणी घरची मेंढरं तिनं राखली, म्हणून वडील शाळेत जाऊ शकले आणि पुढे मास्तर झाले.

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. लोकरीतलं मला काही कळत नाही. ज्याला कळत नाही तो एक तर विश्वास ठेवतो, नाही तर संशय घेतो. दवाखान्यात वडिलांबद्दल 'दोन दिवसांत घरी सोडू' हे वाक्य ऐकल्यापासून विश्वास ठेवणं मला जमत नव्हतं.

वडिलांची घोंगडी ज्यांनी विणली होती, ते विणकर बोरी बुद्रुकजवळच्या वस्तीवर राहतात. त्यांनाच मी ही विणायला सांगितली. त्याच दिवसांत वाचनालयात अमेरिकेतल्या नवाहो लोकांच्या ब्लँकेटांवरचं एक जुनं, चित्रांचं पुस्तक हाती आलं. पट्टे, पायऱ्यापायऱ्यांचे शंकरपाळे, मधे लालभडक रंग. तो लाल म्हणे त्यांच्या मुलखातला नव्हताच. व्यापाऱ्यांकडून आलेलं तांबडं कापड उसवून त्याचं सूत त्या बायका पुन्हा विणत. काळ्याचं तर अधिकच नवल. काळ्या मेंढीची लोकर उन्हात तपकिरी दिसते, म्हणून झाडपाला, पिवळी माती आणि पाइनचा डिंक शिजवून ती आणखी काळी करत. ते पान मी तीनदा वाचलं. तिकडे एवढ्या जुन्या विणकरणी काळ्यावर काळा चढवत असतील, तर इकडे कोण कशाला मागे राहील?

घोंगडी आणायला गेलो तेव्हा विणकरांच्या ओट्याखाली हिरड्याचं अर्धं पोतं होतं. शेजारी गंजक्या घमेल्यात शाईसारखं पाणी. हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडलं की काळा रंग तयार होतो, एवढं मला पुस्तकांतून ठाऊक होतं. मी विचारलं काहीच नाही. घोंगडी घेतली, काखेत मारली आणि घरी आलो.

घरी पांढऱ्या घमेल्यात तिचं काळं टोक भिजवलं. पाणी गढूळ, काळपट झालं. मग पेटीतून वडिलांची घोंगडी काढून तिचंही टोक भिजवलं. पाणी स्वच्छ. आणि ती होती कशी, तर तीस वर्षांनंतरही काजळासारखी. नवी तिच्यापुढे विटकी वाटत होती. मी दोन्ही घड्या गाडीवर बांधल्या आणि परत वस्तीवर गेलो.

"काका, ही रंगवलेली आहे," मी म्हणालो.

विणकर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. उठले नाहीत. "कुनी सांगितलं?"

"पाण्यानं."

"बरं झालं, पानी बोलाय लागलं तुमच्या घरात. आमचं तर मुकंच हाय." मग घरात बघून बायकोला म्हणाले, "अगं, बादली आण. पावणं पानी घेऊन भांडाय आलेत."

बादली आली. नव्या घोंगडीच्या काठाला पांढऱ्या लोकरीचा पट्टा होता. त्यांनी तेवढाच पट्टा बुडवून पिळला. पाणी तसंच गढूळ, तसंच काळपट.

"आता पांढरं बी रंगवलंय म्हना! चिंचोक्याची खळ लावल्याबिगर सूत मागावर टिकत न्हाई राव. ती खळ अन् मेंढराच्या अंगची माती. दोन धुण्यांत जाईल."

"आणि ते हिरड्याचं घमेलं?"

"पुण्याची मान्सं येत्यात, त्यास्नी काळीकुट्ट लागती. सांगून रंगवतो, सांगून देतो." त्यांनी वडिलांच्या घोंगडीवर हात ठेवला. "ही बी तशीच रंगवली. सूत व्हतं तवाच."

मी म्हणालो, "ही जावळाची आहे. वडील सगळ्यांना तसंच सांगायचे."

"जावळाचीच हाय. पन हिरडा मास्तरांनीच आनला व्हता, घाटघरच्या शाळंत व्हते तवा. तांबूस घोंगडी मेंढक्याची दिसती म्हनले, मास्तराची न्हाई." त्यांनी एक घडी उलगडली. घडीच्या रेषेवर लोकर तुटून जाळी झाली होती. मी आजवर ती कसर समजत होतो. "लोखंडाचा रंग लोकर खातो. मागनं लई हळहळले."

मेलेला माणूस उलट बोलत नाही, तेव्हा त्याच्या नावावर काहीही खपवता येतं, हा विचार तिथंही माझ्या मनात आला. मी वडिलांच्या घोंगडीचा एक धागा ओढला. तो सुतळीसारखा ताणला गेला नाही, वाळल्या गवतासारखा तुटला. नव्या घोंगडीची दशी मी उन्हात धरली. केसांची टोकं तांबूस होती; रंगवली असती तर तीही काळी झाली असती.

"देता का ती?" मी नव्या घोंगडीसाठी हात पुढे केला.

"न्हाई. शिनोलीच्या आक्काला, तुमच्या आत्याला, मी नेऊन देईन. तुमच्या हातनं गेली तर घडीत बांधून संशय बी जाईल तिच्याकडं."

श्राद्धाला आत्या आली ती घोंगडी अंगावर घेऊनच. पानं वाढून झाली, नैवेद्य झाला. मी तिच्या शेजारी बसून सगळं सांगितलं, वडिलांच्या हिरड्यासकट.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "रंगवलेली हाताला लागती खरखरीत. म्हनलं, मिरवतोय तर मिरवू दे." मग घोंगडीचा पदर माझ्यापुढे धरून म्हणाली, "बघ, आनखी एकदा भिजवून बघतोस का?"

"नको."

"मग काय द्यायचं ते दे लवकर. मला एसटी हाय."

द्यायला माझ्याकडे बाजारातून आयत्या वेळी आणलेलं नऊवारी लुगडं होतं. ते मी तिच्या हातात ठेवलं. तिनं ते उलगडून पाहिलं नाही, काखेत धरलं आणि वर घोंगडी नीट ओढून घेतली.