पोतंभर गोवऱ्या

मी आयुष्यात एकच चोरी केली, आणि तीही शेणाची.

वाळलेल्या शेणाची, म्हणजे गोवऱ्यांची. पुण्याच्या माणसाने गुन्हा करावा तर निदान जरा प्रतिष्ठेचा करावा! पण मोताळ्याच्या पुढे, डोंगराच्या कडेला असलेल्या त्या गावात मला तेवढंच जमलं. एका संस्थेतर्फे मी तिथे वर्षभर मुलांचा संध्याकाळचा अभ्यास घ्यायला गेलो होतो आणि शेषरावआबांच्या घरी राहत होतो. आबा सत्तरीचे, एकटे. त्यांची बायको अंजनामाय मी येण्याच्या आधीच्या पावसाळ्यात वारली होती. गोठ्यात ताडपत्रीखाली तिने शेवटच्या उन्हाळ्यात थापलेल्या गोवऱ्या रचलेल्या होत्या. आबा चुलीत पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) घालायचे, धुराने खोकून बेजार व्हायचे, पण त्या ढिगाला हात लावायचे नाहीत. तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं. हे आज मी तुम्हाला मोठ्या शहाणपणाने सांगतोय. तेव्हा मला एवढंच वाटलं होतं, की म्हातारा भलताच चिक्कू आहे!

रविवारी मात्र मी, गजानन आणि माधुरी असे तिघे मोकळे. गजानन पिंपळगाव राजाचा, माधुरी जानेफळची. दोघं आमच्याच संस्थेचं काम शेजारच्या गावांत करायची. आमचा रविवारचा कार्यक्रम ठरलेला, डोंगर चढायचा. पहिल्या रविवारी गजाननने धबधबा दाखवायला नेलं. (धबधबा कोरडा होता. 'पाणी सोडून सगळं हाय ना!' असं त्याचं म्हणणं.) दुसऱ्या रविवारी मी घसरून निवडुंगावर बसलो आणि पुढचे चार दिवस मुलांना उभ्याने शिकवलं. तिसऱ्या रविवारी माकडाने माझा एक बूट पळवला.

"सर, तुमाले चढाई जमत नाई," शेवटी गजानन म्हणाला. "आता आपण रोडगे करू. त्यात पडाचं काई कामच नाई!"

रोडगे म्हणजे जाड कणकेचे गोळे. ते गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची, फोडायचे, वर तुपाची धार आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी. हे घरी करायचं नसतं; डोंगराच्या पायथ्याशी, देवळापाशीच करायचं असतं. कामं वाटली गेली. कणीक गजाननची, वांगी आणि तूप माधुरीचं.

"आन सर?" माधुरीने विचारलं.

"सर गोवऱ्या आणतीन. त्याले डोकं लागत नाई," गजानन म्हणाला.

आदल्या संध्याकाळी मी आबांना म्हणालो, "आबा, उद्या आम्ही रोडगे करतोय. घरातलं थोडं सामान नेलं तर चालेल?"

"इचारता कायले? घर तुमचंच हाय. जे लागन ते घेऊन जाजा."

आबा सकाळीच शेतात गेले. आणि मी, घर माझंच असल्यामुळे, ताडपत्री उचलून सगळा ढीग पोत्यात भरला. दोन-चार तरी ठेवाव्यात? छे! हाती घेतलेलं काम मी अर्धवट सोडत नाही.

देवळापाशी विस्तव काय पेटला म्हणता! एक काडी ओढली आणि भडका. गजानन खूश झाला. "काय गोवऱ्या हायेत बे! खणखणीत! कोणं थापल्या हो सर?"

"असतील कुणाच्या तरी," मी म्हणालो.

माधुरीने हातातली एक उलटसुलट करून पाहिली. गोवरीवर थापणारीची बोटं उमटलेलीच असतात. "पाहा ना, सगळ्याईवर मधलं बोट अर्धंच हाय."

"अर्ध्या बोटाची बाई आणि पूर्ण भाजलेले रोडगे!" मी म्हणालो आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

आबांसाठी सहा रोडगे घेऊन आम्ही तिघे दिवस मावळायच्या आत परतलो. आबा गोठ्यात उभे होते. ताडपत्री त्यांनी नीट घडी करून हातात धरली होती.

"सर, इथल्या गोवऱ्या?"

"नेल्या की! तुम्हीच म्हणालात ना! आबा, काय पेटल्या म्हणून सांगू..."

माधुरीने माझ्या दंडाला चिमटा काढला. आबा नुसते खाली बसले.

"बुढीच्या होत्या," ते म्हणाले. "कडबाकुट्टीच्या मशीनमंधी बोट गेलं होतं तिचं. फोटो एकच हाय, मतदानाच्या कार्डावरचा. त्यात ती ओळखूच येत नाई. या गोवऱ्याईत मातर ओळखू येत होती."

मी त्यांच्या पाया पडलो. रडलोही. आबांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ते मलाच म्हणाले, "जाऊ द्या सर, तुमाले काय माहीत!"

तेवढ्यात गजाननने टोपलीत हात घातला. तुपाचा डबा कलंडू नये म्हणून त्याने खाली एक गोवरी टेकण म्हणून ठेवली होती. तीच एक वाचली होती, तुपाने माखलेली. (म्हणजे आमच्या तिघांत अक्कल चालवली ती गजाननच्या टोपलीने!) आबांनी ती दोन्ही हातांत घेतली आणि एकेक बोट त्या खुणांत ठेवून पाहिलं. मधल्या खुणेपाशी त्यांचं बोट थांबलं.

मग त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "रोडगे आणले का?"

त्यांनी एक फोडला, हळूहळू खाल्ला. "चांगला भाजला. तिच्या इस्तवावर कच्चं कधी राह्यलंच नाई."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून मी आबांच्या गाईचं शेण गोळा केलं आणि गोवऱ्या थापायला बसलो. गडी माणूस, तोही पुण्याचा, तोही सर! अर्धं गाव पाहायला जमलं. मी पाणी जास्त घातलं, भुसा घालायला विसरलो. भिंतीवर थापलेली पहिली गोवरी सावकाश घसरत माझ्या चपलेवर आली.

"सर, तो फळा नोहे!" आबा ओसरीवरून ओरडले. "पुसून काय राह्यले? थापा!"

आणि ते हसले. मी त्या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदा. त्या हसण्यासाठी मी उरलेलं वर्षभर गोवऱ्या थापल्या. त्यातली एकही धड जमली नाही.

दोन वर्षांनी गजाननचा फोन आला, "सर, आबा गेले." मी पोचलो तेव्हा अंगणात विस्तवाचं मडकं तयार करत होते. पुतण्याने त्यात अंजनामायची ती तुपकट गोवरी ठेवली. आबांनी बजावून ठेवलं होतं. आणि शेजारी आणखी एक ठेवली, वाकडीतिकडी, माझ्या पाचही बोटांची. तीसुद्धा आबांनीच सांगून ठेवलेली.

अंजनामायची लगेच पेटली. माझी स्मशान आलं तरी नुसती धुमसत होती. मी मडक्यामागून चालत होतो आणि डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं.

"धूर फार आहे रे," मी गजाननला म्हणालो.

त्याचेही डोळे लाल होते. "असनच ना सर," तो म्हणाला. "तुमचीच गोवरी हाय."