लांबचं भोक

आमच्या अँबेसिडरचं इंजिन गेलं, त्या दिवशी आईनं देवापुढे साखर ठेवली. गुपचूप ठेवली, पण मी पाहिली. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडी भंगारात घालायचं नाव काही काढू दिलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पंच्याहत्तरी ओलांडलेला हा माणूस नांदेड-लातूर रस्त्यावर गाडी अशी हाणायचा, की मागच्या सीटवरचे नास्तिकही हात जोडायचे. आई तर प्रत्येक वळणाला डोळे मिटायची. पण तुमचं वय झालं, असं आप्पांना तोंडावर म्हणायची हिंमत घरात कुणाची नव्हती. त्यांचा उजवा गुडघा दुखायचा. ते लपवत, आणि घरभर चोळायच्या तेलाचा वास सुटे.

शेवटी जुन्या गाडीत डिझेलचं इंजिन बसवायचं ठरलं. मोंढ्याजवळच्या मिस्त्रीला 'नाही' हा शब्दच येत नसे. इंजिन बसलं, गिअरबॉक्स बसला, आणि खरी कटकट तिथून सुरू झाली. ॲक्सिलरेटरच्या पेडलपासून निघणाऱ्या जुन्या लोखंडी दांड्या नव्या इंजिनापर्यंत पोचेनात. मिस्त्रीनं तिथं ट्रॅक्टरची ॲक्सिलरेटरची तार ओढली. गिअरबॉक्सवर दोन स्विच होते. एक, गाडी न्यूट्रलला असली तरच सुरू होऊ देणारा. दुसरा, रिव्हर्सचा दिवा लावणारा. त्या दिव्याला मिस्त्रीनं आरतीची धून फुकटात जोडून दिली, आणि दोन्ही स्विचांच्या वायरी एकमेकींच्या जागी लावल्या.

म्हणजे गाडी सुरू करायला रिव्हर्स टाकावा लागे, आणि न्यूट्रलला आली की मागं दिवा आणि आरती. आप्पांना उतारावर गाडी न्यूट्रल करायची सवय, तेल वाचतं म्हणून. पहिल्याच फेरीत गोदावरीच्या पुलावरून ते झोकात पुढं उतरत होते आणि गाडी मागं येत असल्याची वर्दी साऱ्या गावाला देत होती. मागचे दुचाकीवाले जीव मुठीत धरून कडेला झाले.

आप्पा मला म्हणाले, "बघ, लोक कसे मान देऊन राहिलेत."

दुसऱ्या दिवशी वायरी बदलायला गाडी परत गॅरेजला गेली. संध्याकाळी भाजी आणायची म्हणून आई मला घेऊन निघाली ती थेट गॅरेजात. मिस्त्रीला म्हणाली, "भाऊ, ही गाडी चाळिसाच्या वर पळता कामा नये. आणि त्यांना कळताही कामा नये."

"त्यात काय हाय काकू!" मिस्त्रीनं बोनेट उघडलं. तार इंजिनाच्या ज्या दांड्याला अडकवली होती, त्याला दोन भोकं होती: एक दांडा फिरतो त्या खिळीजवळ, दुसरं लांब टोकाकडं. जवळच्या भोकात तार असली की पेडल दाबल्यावर दांडा पुरता फिरतो. लांबच्या भोकात असली की पेडल तळाला टेकलं तरी अर्धाच. त्यानं तार लांबच्या भोकात अडकवली. आईनं येताना खरंच मेथी घेतली. खोटं बोलणं तिला आवडत नाही.

पुढच्या आठवड्यात लातूरला भाचीचा साखरपुडा होता. आप्पा स्टिअरिंगवर, आई शेजारी, मी मागं. सपाटीवर गाडी शहाण्यासारखी चालली, आणि पहिल्यांदाच आईचे डोळे वळणावर उघडे होते. लोहा मागं पडलं आणि चढ लागला. गाडी रांगू लागली. मागं ट्रकचे भोंगे. आप्पांनी पेडल पुरतं दाबलं, सीटवरून अर्धे उठून दाबलं. मग त्यांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

ते गुडघ्यावर हात ठेवून बसले. मला वाटलं, आता मिस्त्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार होणार.

"इंजिन नवं हाय. त्याचा दोष न्हाई," ते म्हणाले. "माझ्याच पायातला जोर गेला. किल्ली घे तू. इथून पुढं तूच चालव."

मी किल्ली घ्यायला पुढं वाकले. आम्हाला सगळ्यांना हेच तर हवं होतं.

आईला मात्र ते सोसलं नाही. "पायाला काही झालं न्हाई तुमच्या!" ती जवळजवळ ओरडलीच. "मीच तार लांबच्या भोकात घालायला लावली. तुम्ही हळू चालवावं म्हणून."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. खाली उतरले, बोनेट उघडलं, तार काढून जवळच्या भोकात अडकवली. परत येऊन बसले, गाडी सुरू केली आणि जागेवर उभी ठेवूनच पेडल दाबलं. इंजिन असं गरजलं की रस्त्याकडेची बकरी उधळली. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबताना ते चक्क हसत होते. आईनं पदर तोंडाला लावला होता.

मग गाडी बंद करून ते पुन्हा खाली उतरले आणि तार होती तशी लांबच्या भोकात घातली. बोनेट आपटलं.

"तुझी मर्जी हाय तर राहू दे तशीच," गाडीत बसत ते आईला म्हणाले. "पण पाय ठीक हायत माझे. लातुरात सगळ्यांना सांग."