कुंपण बंद होतं तेव्हा

त्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही, पण पल्सारचा विषय निघाला की त्याच डोळ्यांसमोर येतात. आमच्या रेडिओ दुर्बिणीला नियमित ठोके मिळत होते. ते एखाद्या नव्या पल्सारचे, म्हणजे गरागरा फिरणाऱ्या ताऱ्याचे असतील, किंवा दुर्बिणीच्या पारनेरकडच्या अँटेनाशेजारी या बाईंच्या गोठ्याभोवतीच्या कुंपणाच्या तारांत विजेचे झटके सोडणाऱ्या मशीनचे. खात्रीसाठी मशीन थोडा वेळ बंद हवं होतं.

"मावशी, एका ताऱ्यासाठी बंद कराल?"

"तुमचा तारा लांब हाय, ताई. माझा बिबट्या हितंच मक्यात बसलाय. काल शेजारचं वासरू नेलं त्यानं."

तरी त्यांनी बटण बंद केलं. पदर कमरेला खोचून, काठी घेऊन त्या गोठ्याच्या दारात उभ्या राहिल्या. मी बॅटरी धरून शेजारी उभी राहिले. दिवस बुडत होता. मका हलला की शेळ्या एकमेकींना चिकटत आणि बाई काठी जमिनीवर आपटत.

फोन वाजला. "ठोके अजून येताहेत!" दुर्बिणीच्या केंद्रातून सहकारी ओरडला.

"मावशी, तारा सापडला!"

मक्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "बरं झालं, ताई. आता मशीन लावू का?"